पहिल्या वर्षाचा मास्तर

तुळशीराम,

काल तुझी शोकसभा झाली. आपल्या या वऱ्हाडी जळगावातले वकील बोलले, डॉक्टर बोलले, हायस्कूलचे हेडमास्तर बोलले. ज्यांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या शेडात आपली चित्रशाळा भरते, ते शेटजीही बोलले. कोणी तुला थोर कलावंत म्हटलं, कोणी वऱ्हाडचं भूषण म्हटलं. मी पुढच्या रांगेत बसलो होतो आणि मला सारखं वाटत होतं की आता मागून तुझं कोपर पाठीत बसेल आणि तू कानाशी म्हणशील, "नारायण, हे कोणाबद्दल बोलून राह्यले बे?"

मलाही उभं केलं. चार वाक्यं कशीबशी बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांना गहिवरून आलं. गहिवर होताच, पण खरं कारण निराळं होतं. मला जे बोलायचं होतं ते त्यांच्याशी नव्हतं. ते तुझ्याशी होतं, आणि त्यातलं निम्मं तरी भांडण होतं.

आपण भांडलो ते एकाच गोष्टीवरून. चित्रकला शिकायला आलेल्या पोराला पहिल्या वर्षी काय शिकवायचं? बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. यावरून दोन शहाणी माणसं जन्मभर वाद घालतात? पण तू आणि मी घातला. बैलगाडीत घातला, तुझ्या पानमळ्यात वेलींच्या सावलीला बसून घातला, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढता वाढता घातला. आमची ही तर म्हणायची, तुळशीरामभाऊंना जेवायला बोलवा, पण पहिल्या वर्षाला बोलवू नका.

वादाची सुरुवात मुंबईत झाली, आपल्याच पहिल्या वर्षी. मी नांदुऱ्याच्या शाळामास्तरचा मुलगा, तू जळगावच्या पानमळेवाल्या माळ्याचा. एकमेकांना ओळखतही नव्हतो. कलाशाळेच्या त्या लांबलचक दालनात आम्ही सगळे नवे विद्यार्थी एका प्लास्टरच्या पायाभोवती बसून तो काढत होतो. दिवसचे दिवस तोच पाय. आज बाह्यरेषा, उद्या छाया, परवा पुन्हा बाह्यरेषा. सर मागून यायचे, काही न बोलता फडक्यानं कोळशाची रेघ पुसायचे आणि पुढे जायचे. तुझी रेघ जाड यायची, म्हणून तुझीच जास्त पुसली जायची. एके दिवशी सर पुढे गेल्यावर तू शेजारी बसलेल्या मला विचारलंस, "हा पाय कोणाचा हाय बे?"

मुंबईला आल्यापासून मी पुण्याच्या पोरांसारखं बोलायला लागलो होतो. पण तुझं बोलणं ऐकलं आणि तोंडातून निघून गेलं, "मले काय मालूम? असंन कोण्या देवाचा."

"देवाचा असंन तं ठीक," तू म्हणालास. "मी म्हटलं, माणसाचा असता तं चालला असता कधी तरी."

आपण इतके हसलो की सरांनी दोघांनाही बाहेर काढलं. पायरीवर बसून तू विचारलंस, "तू कोण्या गावचा?" तिथून आपली दोस्ती. पण एक गोष्ट मी तेव्हाही तुला सांगितली होती आणि आजही सांगतो. मला तो पाय आवडायचा. माझा हात त्याच्यावर बसला. धीर काय असतो, मोजणं काय असतं, हे मला त्या पायानं शिकवलं. मला त्या वर्षी बक्षीस मिळालं आणि तू ट्रंक भरून गावी परत निघाला होतास. मीच तुला स्टेशनवरून परत आणलं. एकाच वर्गानं एकाला उभं केलं आणि दुसऱ्याला मोडत आणलं होतं. आपल्या वादाचं मूळ तिथं आहे. तू म्हणायचास की मी वाचलो म्हणून मला ती पद्धत चांगली वाटते. मी म्हणायचो की तू चिडलास म्हणून तुला ती वाईट वाटते. दोघंही बरोबर होतो, पण तोंडानं कोणी कबूल केलं नाही.

गावी येऊन आपण चित्रशाळा काढली तेव्हा मात्र तू माझं ऐकलंस. दुसरं करणार काय? पोरांना ड्रॉइंगच्या परीक्षा पास व्हायच्या होत्या. पास झाला तर जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत ड्रॉइंगमास्तरची नोकरी, घरच्यांच्या डोळ्यांपुढे एवढंच. मुंबईहून आपण प्लास्टरचे नमुने मागवले. गवतात गुंडाळलेला पाय, हात, डोळ्यानाकाचा मुखवटा, पानांची नक्षी. नांदुऱ्यापर्यंत रेल्वेनं आले, तिथून पूर्णा नदी ओलांडून बैलगाडीनं. खोकं उघडलं तर पायाचा अंगठा तुटलेला. तू म्हणालास, "आता हा आपल्या शिवारातला झाला."

चार-पाच वर्षं उत्तम चाललं. संग्रामपूर, वडनेर, आसलगाव, कुठून कुठून पोरं यायची. निकाल चांगले लागायचे. शेटजी येणाऱ्याजाणाऱ्याला शेड दाखवायचे. आणि मग सखाराम आला.

म्हणजे परत आला. संग्रामपूरचा सखाराम हा आपला सगळ्यात चांगला विद्यार्थी. पहिल्या वर्षाचे सगळे नमुने त्यानं असे काढले होते की त्याचे कागद मी भिंतीवर लावून ठेवले होते. परीक्षेत पहिला. त्याला नुकती एका शाळेत नोकरीही लागली होती. त्या दुपारी तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस काढलेले पाहूनच आपण समजलो. आई गेली होती त्याची. आपण त्याला बसवलं, पाणी दिलं. त्यानं पिशवीतून कागद काढला आणि तुझ्या हातात दिला.

"मास्तर, मायचा फोटो नव्हता एकही. बा म्हणाला, तू तं चित्रकार हाय, काढ. मी बसलो काढाले." त्यानं कागदाकडे बोट केलं. "पाहा ना, हे काय झालं."

कागदावर एक बाई होती. छाया सुरेख, रेघ स्वच्छ. आणि नाक कपाळापासून सरळ खाली उतरलेलं, आपल्या मुखवट्याचं. ओठ त्या मुखवट्याचे. डोक्यावर तेवढा पदर.

"किती वेळा काढलं," तो म्हणाला, "दर वेळी हेच बाई येते. माह्या मायचं नाक मले आठवूनच नाही राह्यलं मास्तर. जन्मभर तिच्या पुढ्यात जेवलो मी."

तो रडला. आपण दोघं त्याच्या दोन बाजूंना बसलो होतो. मी त्याला समजावलं की दुःखात हात चालत नाही, काही महिने जाऊ दे. तू त्या कागदाकडेच पाहत होतास. तो गेल्यावर तू उठलास, शिडी लावलीस, आणि पाय, हात, मुखवटा, सगळं एकेक करून माळ्यावर नेऊन ठेवलंस.

त्या दिवशीचं भांडण आपलं सगळ्यात मोठं. शेडाबाहेर कपाशीच्या गाड्या उभ्या होत्या, गाडीवान तोंडाकडे बघत राहिले. मी म्हणत होतो, एका पोराच्या दुःखावरून सबंध शाळा उलटी करायची नसते. तू म्हणत होतास, "आपण त्याचे डोळे घेतले नारायण. घेतले आन् त्याच्या जागी प्लास्टरचे बसवले. आन् वरून पह्यला नंबर देल्ला."

"मग काय शिकवणार पहिल्या वर्षी?"

"मालूम नाही."

"मालूम नाही म्हणून शाळा चालते काय?"

"चालवून तं पाहू," तू म्हणालास.

शेवटी तोडगा निघाला तो माझ्या रागातूनच. मी म्हटलं, पहिलं वर्ष तू घे, दुसरं मी घेतो, आणि परीक्षेला पोरं पडली तर शेटजींना उत्तर तू दे. तू लगेच "हाव" म्हणालास. मी तुला अडवायला बोललो होतो. तू ते घेऊन चालायला लागलास.

त्यानंतरचे तुझे वर्ग मी पत्र्याच्या आडभिंतीपलीकडून ऐकत होतो. आधी तर काही ऐकूच यायचं नाही, कारण पोरं शेडात नसायचीच. तू त्यांना बाजारात न्यायचास आणि कागद-पेन्सिल घेऊ द्यायचा नाहीस. एक भाजीवाली नाही तर एक हमाल निवडायचा, तासभर पाहायचं, आणि शेडात येऊन काढायचं. ज्याला येणार नाही त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. गोणपाटाच्या थैलीत काहीबाही घालून हात आत घालायला लावायचास, न पाहता चाचपायचं आणि काढायचं. महायुद्धापायी मुंबईचे रंग यायचे बंद झाले तेव्हा सगळे कपाळाला हात लावून बसले. तू खूश झालास. प्रत्येकाला म्हणालास, आपापल्या गावची माती आणा. काळी, पिवळी, डोंगराकडची तांबडी, नदीकाठची पांढरट. ती वाटून, गाळून, डिंकात कालवून रंग केले. शेडात ओल्या मातीचा वास भरून राहायचा. वडनेरच्या एका पोराचा काळा आणि संग्रामपूरच्या पोराचा काळा वेगळा निघाला, तेव्हा कोणाचा काळा जास्त काळा यावर पोरं हमरीतुमरीवर आली. आडभिंतीपलीकडे मी घनाकृतीचा तास घेत होतो. माझी पोरं मान वळवून वळवून तिकडे पाहत होती. मी चिडलो होतो. आणि तुळशीराम, हे तुला कधी बोललो नाही, पण मलाही पाहायचं होतं.

शेटजींपर्यंत गोष्ट जायला वेळ लागला नाही. एका पोराचा बाप त्यांच्याकडे गेला. शेटजी शेडात आले, मातीनं भरलेले हात पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, मातीत खेळाले तं लेकरं घरीही खेळतात. त्याच्यासाठी इथं कायले पाठवावं?"

तू म्हणालास, "शेटजी, घरी खेळतात तेव्हा पाहत नाहीत. इथं पाहून राह्यले."

शेटजींना ते पटलं नाही. एक वर्ष थांबतो, म्हणाले, निकाल पाहतो.

निकाल वाईट लागला. तुझ्या पहिल्या वर्षातून माझ्या दुसऱ्या वर्षात आलेली पोरं अमरावतीला परीक्षेला बसली आणि निम्मी पडली. त्यांची लंबवर्तुळं वाकडी, रेघा थरथरत्या, वेळेत कागद पुरा होईना. दोघांच्या घरच्यांनी पोरं काढून घेतली. त्यातला एक खरोखर गुणी होता. त्याला त्याच्या बापानं दुकानावर बसवलं, आणि तो अजून तिथंच आहे. तू पडलेल्या प्रत्येकाच्या घरी गेलास. मोटार जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत मोटारीनं, पुढे पायी. घरच्यांनी जे जे बोलून घेतलं ते उभं राहून ऐकलंस. परत आल्यावर तुझा चेहरा पाहून मला वाटलं होतं की आता तू स्वतःच शिडी लावून मुखवटा खाली काढशील. शेटजी तर शेड परत मागायच्या बेतात होते.

मी शेटजींकडे गेलो. हे तुला माहीत होतं, पण मी तिथं काय बोललो ते तू कधी विचारलं नाहीस. आज सांगतो. मी म्हटलं, "शेटजी, पोरं पडले त्यात माहीही चूक हाय. दुसरं वर्ष मी शिकवलं. अजून दोन वर्षं द्या."

ते चकित झाले. त्यांना वाटलं होतं, मी तुझ्याविरुद्ध बोलायला आलो. खरं तर मी घरातून निघालो तेव्हा मलाही नक्की ठाऊक नव्हतं. पण त्या वर्षी माझ्या वर्गात काही तरी झालं होतं. मी यथार्थदर्शनाचा पाठ देत होतो. फळ्यावर रस्ता काढला, दूर जाताना निमुळता होत एका बिंदूत मिळणारा. हा पाठ मी दर वर्षी देत होतो आणि पोरं दर वर्षी मुकाट्यानं उतरवून घेत होती. तुझ्या पोरांतला एक उभा राहिला. "मास्तर, हे तं आम्ही पाह्यलं हाय. नांदुऱ्याच्या रस्त्यावर पाह्यलं, झाडंही तसेच लहान होत जातात. पण काऊन होतात ते सांगा." दुसरा म्हणाला, "आन् डोंगर काऊन निळा होते? जवळ गेलं तं निळा नसते." तास संपला तरी कोणी उठेना. मी फळा पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी डोळ्यापासून. इतकी वर्षं मी उत्तरं वाटत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी तरी प्रश्न घेऊन बसलं होतं. तुळशीराम, त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत गेलो. आमच्या हिनं विचारलं, बक्षीस लागलं का काही?

तू त्या पोरांना मोजणं शिकवलं नव्हतंस, हे खरंच. तो तुझा हट्ट होता आणि त्याची किंमत त्या पोरांनी भरली. पण मोजावंसं वाटेल असं काही तरी तू त्यांच्या डोळ्यांत ठेवलं होतंस. ते माझ्याकडून कधीच झालं नसतं.

पुढच्या जूनमध्ये तू माझ्या वर्गाच्या दाराशी आलास. आत न येता, चौकटीला टेकून म्हणालास, "हप्त्यातून दोन तास माह्या पोराईले रेघ शिकवशीन का?" बस, एवढंच. ही तुझी कबुली होती. मीही फार ताणलं नाही. "शिकवीन," म्हटलं, "पण मी थैलीत हात घालणार नाही." महिनाभरात तू मला थैलीत हात घालायला लावलास. आत वाळलेला दोडका होता आणि मी साप म्हणून ओरडलो. पोरं पोट धरधरून हसली. त्यानंतर ती माझ्याकडून रेघ शिकायला घाबरेनाशी झाली. निकाल हळूहळू सावरले. पहिल्यासारखे झाले नाहीत, पण शेटजी शांत राहिले.

आणि सखाराम. त्यानं तुझ्या पहिल्या वर्षात नाव घातलं तेव्हा मी हरकत घेतली होती. परीक्षा पास झालेला, शाळेत मास्तर असलेला माणूस, सुट्टीच्या दिवशी संग्रामपूरहून येऊन नवख्या पोरांत मांडी घालून बसणार? पण तो बसला. वर्ष उलटलं, दुसरंही बरंच गेलं. आईचं नावही त्यानं काढलं नाही आणि तूही काढलं नाहीस. मग एका रविवारी तो वडिलांना घेऊन आला. म्हातारे तुझ्या सतरंजीवर बसले. सखारामनं कागद त्यांच्यापुढे ठेवला. मातीच्या रंगातलं चित्र. चुलीपुढे बसलेली बाई, पाठमोरी. चेहरा दिसतच नव्हता. फुंकणी घेऊन वाकलेली, एक गुडघा वर, पदर कमरेला डावीकडून खोचलेला.

म्हातारे कागदावर वाकून पाहत राहिले. मला धास्ती वाटली की विचारतील, चेहरा कुठं आहे. मग त्यांनी बोट उचललं, कागदाला न लावता वरच्यावर फिरवलं आणि म्हणाले, "गुडघा दुखे तिचा. अशीच बसे ते."

तू उठून बाहेर गेलास. मीही आलो. आपण जिनाच्या ओट्यावर उभे होतो. बोलायला हवं होतं मी. "तुळशीराम, तू बरोबर होतास," एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मला वाटलं, लगेच म्हणशील, "मग मुखवटा फोडून टाकू?" आणि मला तो फोडू द्यायचा नव्हता. अजूनही नाही. तो माळ्यावर आहे आणि माझं मत तेच आहे की तिसऱ्या वर्षी, डोळे पक्के झाल्यावर, तो खाली काढायला हरकत नाही. याचं उत्तर तू द्यायचं राहिलं.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी रोज दुपारी येऊन बसत होतो. बोलायला तुला दम लागायचा, तरी बोलायचास. या वर्षी दोन मुली पहिल्या वर्षाला आल्या होत्या. त्यांच्या घरच्यांना तयार करायला तू किती खेटे घातलेस ते मी पाहिलं आहे. तुला त्यांचीच काळजी. म्हणालास, "त्याईले कोणाच्या हाती देशीन?"

मी म्हटलं, "सखाराम घेईल."

तू मान हलवलीस. "तो दुसरं घेईन. पह्यलं तू घे."

"मी? मले तुह्यासारखं जमते काय?"

"म्हणूनच," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस. म्हणूनच म्हणजे काय, हे विचारायला दुसऱ्या दिवशी आलो तर तुझी शुद्ध हरपली होती.

आज शाळा उघडली. मी पहिल्या वर्षावर गेलो. खडू हातात घेतला आणि ठेवून दिला. पोरं माझ्याकडे पाहत होती, मी त्यांच्याकडे. शेवटी त्या दोघींतली सुभद्रा, आसलगावची, तिनं विचारलं, "मास्तर, आज काय काढू?"

मी म्हटलं, "मले मालूम नाही. सकाळपासून काय काय पाह्यलं तू?"

ती आधी लाजली. मग सांगायला लागली. त्यांच्या गोठ्यात गाय व्यायली होती. वासरू उभं राहायला पाहत होतं, पुढचे पाय टेकायचं, मागचे घसरायचे. त्याची कातडी त्याला मोठी होत होती, तिनं हातानं दाखवलं, दुसऱ्याचा अंगरखा घातल्यासारखी. शेजारी बसलेल्या पोरानं विचारलं, ओलं असते तेव्हा रंग कोणता दिसते? ती थांबली, विचार करू लागली. मग दुसऱ्यानं त्याच्या घरचं सांगितलं, तिसऱ्यानं त्याच्या. मी खाली सतरंजीवर बसलो आणि ऐकत राहिलो. तास संपला. एकाच्याही कागदावर एक रेघ उमटली नव्हती.

मी त्यांना म्हटलं, "उद्या येजा सगळे."